जुनी कॉमिक्स टपालानं पाठवायची आहेत, खेड्यात मिळेल त्या सामानात पॅकिंग कसं करावं?

अडाणकाठ | २८ जून, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावातून लिहिते आहे.

बाबा एसटीत वाहक होते. ड्यूटी संपली की यवतमाळच्या बसस्थानकावरून इंद्रजाल कॉमिक्सचा अंक घेऊन यायचे आणि आतल्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात तारीख टाकायचे. ते गेल्यावर लोखंडी पेटी उघडली, तर मराठी इंद्रजालचे ६४ अंक निघाले. नायकांप्रमाणे बहुतेक वेताळाचे, थोडे मँड्रेकचे, सात बहादूरचे. खाली चांदोबा मासिकाचे तीसेक अंक.

साताऱ्याच्या एका वाचकांशी ओळख झाली. मला हवे असलेले चांदोबा त्यांच्याकडे जोडीनं आहेत आणि त्यांना इंद्रजालचे वीसेक अंक हवे आहेत. अदलाबदल ठरली. मे संपता संपता मी पहिले चार अंक पाठवले. प्रत्येक अंक वर्तमानपत्रात गुंडाळला, चारही बबलच्या पाकिटात घातले, वरून चिकटपट्टी. पोचले तेव्हा मधोमध घडी पडलेली, दोन कोपरे चुरगळलेले आणि एका अंकाचं मुखपृष्ठ पिनेपासून सुटलेलं. त्यांनी फोटो पाठवले, पण एक शब्द वाकडा बोलले नाहीत. त्यामुळं मला जास्तच लागलं. बाबांनी चाळीस वर्षं जपलेला अंक माझ्या हातून आठवड्याभरात मोडला.

आता वीस अंक जायचे आहेत आणि पाऊस सुरू झाला आहे. कॉमिकसाठी तयार मिळणारी कडक पाकिटं आमच्याकडे कुठून येणार? गावात शाखा डाकघर आहे, बाजार दारव्ह्याला. तेवढ्या सामानात नीट पॅकिंग होईल का? ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांनी सविस्तर सांगावं.

वेताळवाचक | २८ जून, रात्री १०:०२

ताई, होईल आणि चांगलं होईल. मी वर्ध्याजवळच्या खेड्यातून बारा वर्षं अंकांची देवाणघेवाण करतो आहे.

तुमची चूक काळजी कमी पडल्यानं झालेली नाही. बबलचं पाकीट काचेच्या वस्तूसाठी असतं. काच धक्क्यानं फुटते. कॉमिक धक्क्यानं फुटत नाही, ते वाकतं, चुरगळतं आणि भिजतं. त्याला गादी नको, पाट हवा. दोन कडक पाटांच्या मधे अंक असा धरायचा की तो वाकणारही नाही आणि आत सरकणारही नाही. बाकीचं सगळं त्याच्याभोवती.

माझी पद्धत सांगतो. अंक आधी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत पाठीला एक पांढरा जाड कार्डशीट. असे पाच-सहा अंक एकावर एक, पण एकाची पिनेची बाजू डावीकडे तर पुढच्याची उजवीकडे. पिनेकडची बाजू फुगीर असते. सगळ्या एकाच बाजूला आल्या तर गठ्ठा उतरता होतो आणि दाब पडला की वरचे अंक तिरपे दबतात. मग हा गठ्ठा कोरुगेटेड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमधे. पुठ्ठा अंकापेक्षा चारही बाजूंनी निदान पाऊण इंच मोठा हवा. हे पाऊण इंच सोडू नका. पार्सल कोपऱ्यावर पडतं तेव्हा तो पाऊण इंच चेपतो आणि आतला कोपरा वाचतो.

पुठ्ठे कडेनं चिकटपट्टीनं बांधा, पण पट्टी अंकाच्या पिशवीला लागू देऊ नका. उघडताना तीच पट्टी मुखपृष्ठ ओढते. पट्टीचं टोक दुमडून ठेवा म्हणजे समोरच्याला कात्री लावावी लागत नाही. कात्रीनं फाटलेले अंक मी स्वतः पाहिले आहेत.

सातपुडा_अकोट | २९ जून, सकाळी ७:२०

ताई, पुठ्ठ्याची चिंता काऊन करता? दारव्ह्याले फ्रिज-कूलरचं दुकान असनच. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पाच पदरी राह्यते अन् एका खोक्यात तुमचे वीस काय, सगळे ६४ अंक निंगून जातीन. दुकानदाराले ते खोके ठेवाले जागा नसते, मागितलं का देऊन टाकते. मोबाइलच्या दुकानात बबल भेटते. म्या तर आतापर्यंत एक रुपयाचा पुठ्ठा इकत घेतला नाई.

अन् नाईच भेटलं तर कृषी केंद्रात जा. औषधाचे खोके लय मजबूत. या दिवसात तिथं ढीग लागला असते.

कागदकाम | २९ जून, सकाळी ९:४५

अमरावतीला छापखान्यात आहे, कागद-पुठ्ठा हेच रोजचं काम. वेताळवाचक दादांच्या सांगण्यात एक भर घालतो, कारण इथंच बहुतेकांचं चुकतं.

कोरुगेटेड पुठ्ठा कापून त्याची कड पाहा. दोन सपाट कागदांच्या मधे लाटांसारखा कागद आहे. त्या लाटा एका दिशेनं जातात. लाटांच्या रेषेवर पुठ्ठा सहज दुमडतो, आडवा दुमडायला गेलात तर जोर लागतो. दोन्ही पुठ्ठे एकाच दिशेचे घेतले, तर पार्सल त्या एका रेषेवर पाकिटासारखं मिटेल. म्हणून एका पुठ्ठ्याच्या लाटा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवा. तीन पदरी पुठ्ठा असेल तर प्रत्येक बाजूला दोन-दोन तुकडे घ्या, तेही एकमेकांना आडवे, आणि मधे फेविकॉल लावून रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा. सकाळी दोन्ही हातांनी वाकवून बघा. तुम्हाला वाकवता आला तर डाकपिशवीतल्या वजनालाही वाकवता येईल.

पिशवीबद्दल. प्लास्टिक सगळं सारखं नसतं. साडीच्या दुकानात जी करकर वाजणारी, स्वच्छ पारदर्शक पिशवी मिळते ती सहसा पॉलिप्रॉपिलीनची असते. ती चालते. मऊ, हाताला चिकटणारी आणि पावसाळी टेबलक्लॉथसारखा वास येणारी असेल तर ती पीव्हीसी. त्यातलं मऊपणा आणणारं रसायन हळूहळू बाहेर येतं, शाईवर बसतं आणि मुखपृष्ठ पिशवीला चिकटतं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तर लवकरच. पीव्हीसी अंकाजवळ नको.

कार्डशीटची पांढरी बाजू अंकाकडे ठेवा. करडा, रद्दीपासून बनलेला पुठ्ठा आम्लयुक्त असतो. प्रवासाच्या आठ-दहा दिवसांत काही बिघडत नाही, पण त्याच पुठ्ठ्यावर अंक वर्षानुवर्षं ठेवला तर पिवळा डाग उमटतो. इंद्रजालचा कागदही लाकडाच्या लगद्याचाच, त्यातल्या लिग्निनमुळं तो पिवळा पडतोच. बाहेरून आणखी आम्ल देऊ नका.

सरकी | २९ जून, दुपारी १:१०

सातपुडाभाऊ, फ्रिजच्या खोक्याचं शंभर टक्के पटलं. पण औषधाच्या खोक्याला माझा ठाम विरोध आहे. माझं स्वतःचं कृषी केंद्र आहे, म्हणून बोलतो.

त्या खोक्यात एखादी बाटली पाझरलेली असते आणि ते बाहेरून दिसत नाही. कागद ते सगळं शोषून घेतो. वास महिनोन् महिने जात नाही. समोरचा माणूस अंक हातात घेऊन, तोंडाजवळ धरून वाचणार, घरातली लेकरं पानं चाळणार. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते दिवस मी दुकानात बसून पाहिले आहेत. त्या खोक्याचा तुकडाही पुस्तकाजवळ नको. बियाण्याच्या पिशव्याही नको, बियाण्यालाही औषध लावलेलं असतं. खताचं पोतं धुतलं तरी नको, त्यातला क्षार ओलावा ओढतो आणि पिना गंजतात.

मेडिकल स्टोअरमधे सलाइनच्या बाटल्यांचे खोके मागा. मजबूत, कोरडे, वास नाही.

सातपुडा_अकोट | २९ जून, दुपारी १:४०

सरकीभाऊ, बरोबर हाये तुमचं. म्या हा इचारच केला नव्हता. ताई, कृषी केंद्राचं माघारी घेतो.

तान्हापोळा | २९ जून, संध्याकाळी ६:३०

पावसासाठी सुचवते. गावात वाढदिवसाचे, निवडणुकीचे जुने फ्लेक्स पडलेले असतात. पाणी अजिबात आत जात नाही. बाहेरून फ्लेक्स गुंडाळून शिवून टाकला तर? माझ्या आजीच्या काळी पार्सल मांजरपाटात शिवून त्यावर लाखेचे ठसे मारायचे. शिवलेलं पार्सल हाताळताना उघडत नाही. आमचे शिंपीकाका दहा मिनिटांत शिवून देतात.

कागदकाम | २९ जून, संध्याकाळी ७:०५

तान्हापोळा ताई, कल्पना चांगली आहे, पण फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीच. अगदी बाहेरचा थर म्हणून चालेल, आत पुठ्ठे आणि पॉलिथिन असेल तर. अंकाला तो टेकता कामा नये. छापलेली बाजू आत आणि पांढरी बाहेर ठेवा, म्हणजे पत्ता स्वच्छ लिहिता येईल. शिवताना सुई पुठ्ठ्याच्या कडेबाहेरून जाऊ द्या, आणि शिलाईच्या भोकांतून पाणी जातं हे लक्षात ठेवा. खरा पाण्याचा बंदोबस्त आतल्या पॉलिथिननंच करायचा.

ज्वारीचंकणीस | २९ जून, रात्री ८:५०

प्रत्येक अंक लॅमिनेट करून पाठवला तर कायमचाच प्रश्न मिटेल ना?

वेताळवाचक | २९ जून, रात्री ८:५८

कृपा करून नको. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदात कायमचा बसतो, पुन्हा सोडवता येत नाही. तो अंक अंक राहत नाही. तसंच ताई, त्या सुटलेल्या मुखपृष्ठाला कुणी सेलोटेप लावू नये असं साताऱ्याला कळवा. चार-पाच वर्षांत टेपचा गोंद तपकिरी होतो आणि कागदाच्या आरपार डाग जातो.

डाकपिशवी | ३० जून, सकाळी ६:१०

मी टपाल छाटणीत नोकरी केली, आता निवृत्त आहे. पार्सलच्या वाटेत काय घडतं ते सांगतो, म्हणजे पॅकिंग का करायचं ते नीट कळेल.

लेकी, तुझ्या गावच्या शाखा डाकघरात ग्रामीण डाक सेवकानं वस्तू घेतली की ती पिशवीत बंद होऊन उपडाकघरात जाते. तिथं पिशवी उघडते, वस्तू बाहेर येते आणि दुसऱ्या पिशवीत जाते. मग छाटणीला. तिथं पुन्हा तेच. मग मोठ्या गाडीत. साताऱ्याकडे उतरल्यावर हाच क्रम उलटा. एवढ्या वेळा ती वस्तू हातातून हातात जाते. कुणी मुद्दाम आपटत नाही. पण ढिगाच्या तळाशी कोण आहे हे वर पिशवी ठेवणाऱ्याला दिसत नाही. तुझ्या चार अंकांवर कुणाचं लोणच्याचं पार्सल बसलं असेल, कुणाचे जोडे.

पातळ, लवचिक पाकिटाला आणखी एक धोका आहे. ते दिसायला पत्रासारखं असतं, म्हणून पत्रांच्या गठ्ठ्यात जातं आणि गठ्ठा सुतळीनं आवळतात. शेवटी वाटप करणारा माणूस सायकलच्या पिशवीत मावावं म्हणून ते मधोमध वाकवतो. त्याला आत काय आहे हे माहीत नसतं. मधोमध पडलेली घडी मला तशीच वाटते. ‘वाकवू नका’ असं लिहावं, अवश्य लिहावं, पण भरवसा पुठ्ठ्यावर ठेवावा. वस्तू हातात घेताच ती वाकणारी नाही हे बोटांना कळलं पाहिजे. लिहिलेलं वाचायला वेळ असतोच असं नाही.

पत्त्याचंही ऐक. आपल्याकडे कितीतरी गावांत डाकघर नाही. मुक्काम एक, पोस्ट दुसरं. ‘मु. पो.’ असं एकत्र लिहून मोकळं होऊ नये. मुक्काम वेगळा, पोस्ट वेगळं, तालुका, जिल्हा, आणि पिनकोड ठळक. सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे. ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, ते टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. आपल्या विदर्भाचे पिन ४४ नं सुरू होतात. एक आकडा चुकला तर पार्सल भलत्या पिशवीत शिरतं आणि जितक्या जास्त पिशव्या तितका जास्त मार. पत्ता बॉलपेननं किंवा न पुसणाऱ्या मार्करनं लिही, शाईच्या पेननं नको. वरून पारदर्शक पट्टी लाव. आणि त्याच पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेव, दोन्हीकडच्या मोबाइल नंबरसह. बाहेरचं आवरण फाटलं तरी वस्तू घर शोधते.

अडाणकाठ | ३० जून, सकाळी ११:३०

काका, वाचून समजलं की घडी कुठं पडली असेल. सगळ्यांचे आभार. आज दारव्ह्याला जाऊन आले. फ्रिजचं एक पूर्ण खोकं मिळालं, साडीच्या दुकानातून करकर वाजणाऱ्या पिशव्या, स्टेशनरीतून पांढरे कार्डशीट.

दोन प्रश्न. पाठवायचं कशानं? पूर्वी बाबा रजिस्टर बुक पोस्ट म्हणायचे. आणि पेटीतल्या अंकांना थोडा दमट वास येतो आहे, उन्हात वाळवू का?

डाकपिशवी | ३० जून, दुपारी १२:२०

रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं. पुस्तकांसाठी १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. स्वस्त आहे, पार्सल कुठवर गेलं ते पाहताही येतं. पण ते जमिनीवरच्या वाहतुकीनं जातं, वेळ जास्त लागतो, आणि व्यापारी किंवा जाहिराती असलेली प्रकाशनं त्यात बसत नाहीत. जुन्या इंद्रजालच्या पाठीवर तर बिस्किटं-गोळ्यांच्या जाहिराती असायच्या. त्यामुळं खिडकीवर खरं सांग, आणि मला विचारशील तर सरळ स्पीड पोस्ट कर, विम्यासह. पावसात वाटेतला प्रत्येक कमी झालेला दिवस कामाचा आहे. पॅक करण्याआधी प्रत्येक अंकाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेव.

कागदकाम | ३० जून, दुपारी १२:५५

उन्हात नको! रंग उडतो आणि जुना कागद ठिसूळ होऊन घडीवर तुटतो. घरातल्या कोरड्या खोलीत, ज्या दिवशी पाऊस उघडला असेल त्या दिवशी पंख्याखाली अंक अर्धवट उघडे उभे ठेवा. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन दिवस. या पुड्या नव्या चपला-बुटांच्या खोक्यात असतात. वास जाईपर्यंत पिशवीत बंद करू नका, कारण प्लास्टिक बाहेरचा ओलावा जसा अडवतं तसा आतलाही अडवून ठेवतं. दमट अंक बंद झाला की चार दिवसांत बुरशी.

डांबरगोळ्या पाकिटात नको, वास कागदात मुरतो. कडुलिंबाचा पाला आपण सगळेच पुस्तकात ठेवतो, पण अर्धवट वाळलेला पाला पानावर हिरवट डाग सोडतो. तो पेटीत ठेवा, पॅकिंगमधे नको. रबरबँड तर मुळीच नको, तो कडा कापतो आणि उन्हाळ्यात वितळून चिकटतो.

पाहताना पिनांजवळ नीट पाहा. कसर लागली असेल तर तिथं बारीक भुस्सा दिसतो. तसा अंक बाजूला काढा, दुसऱ्याच्या घरी कसर पाठवायची नाही.

झाडीपट्टी | ३० जून, रात्री ९:२५

ताई, साकोलीजवळून लिहितो. खरे अंक पाठवण्याआधी एक चाचणी करू या का? फाटकी मासिकं अगदी तसंच पॅक करून मला पाठवा. मी ते मुद्दाम त्रास देऊन उघडतो आणि फोटो टाकतो. आमच्याकडे धानाच्या रोवण्या सुरू व्हायच्या आहेत, पाऊस भरपूर. यापेक्षा चांगली परीक्षा होणार नाही. टपालखर्च अर्धा माझा.

अडाणकाठ | १ जुलै, सकाळी ८:००

भाऊ, खर्चाचं राहू द्या, पण चाचणी नक्की करू. व्यक्तिगत निरोपातून पत्ता द्या.

अडाणकाठ | ५ जुलै, संध्याकाळी ५:४०

चाचणीचं पाकीट आज डाकघरात दिलं. आत सहा फाटकी मासिकं, प्रत्येक पिशवीत, पिना आलटून पालटून. दोन्ही बाजूंना दोन-दोन पुठ्ठे आडवे-उभे चिकटवलेले. सबंध गठ्ठा जाड पॉलिथिनमधे, तोंड दोनदा दुमडून पट्टी. बाहेरून खाकी कागद. वजन पाऊण किलोच्या आसपास भरलं. आमच्या डाकघरातल्या भाऊंनी हातात घेऊन सांगितलं की हे वाकायचं नाही. काका, तुमचीच आठवण झाली.

झाडीपट्टी | १० जुलै, रात्री ८:१५

पाकीट काल मिळालं. उघडण्याआधी रात्रभर ओसरीच्या कडेला ठेवलं, जिथं पागोळ्या पडतात. सकाळी खाकी कागदाचा लगदा झाला होता. मग कमरेच्या उंचीवरून चारही कोपऱ्यांवर एकेकदा टाकलं आणि वर तांदळाचा कट्टा तासभर ठेवला.

आता निकाल. पाणी आत थेंबभरही नाही. घडी नाही. पुठ्ठ्याचे कोपरे चेपले, आतले वाचले. पण दोन मासिकं जागची हलली. सहाचा गठ्ठा पुठ्ठ्यांमधे अर्धा इंच खाली सरकला आणि खालच्या दोघांची कड पुठ्ठ्याच्या टोकाला येऊन किंचित दबली. म्हणजे पाऊण इंचाची जागा ठेवली खरी, पण अंक त्या जागेत सरकला तर तिचा उपयोग राहत नाही. पत्ता मात्र शाबूत होता, वरच्या पारदर्शक पट्टीमुळं. आणि बाहेरचा खाकी कागद या दिवसांत उपयोगाचा नाही.

वेताळवाचक | १० जुलै, रात्री ९:००

हेच सांगायचं राहिलं माझ्याकडून, क्षमा करा. अंक पुठ्ठ्यावर बसवावा लागतो. जुन्या फोटोंच्या अल्बममधे काळे कागदी कोपरे असायचे ना, तसे चार मोठे कोपरे साध्या कागदाचे करा. लिफाफ्याचा कोपरा तिरपा कापला तरी होतो. गठ्ठ्याच्या चारही कोपऱ्यांवर ते टोपीसारखे चढवा आणि चिकटपट्टीनं खालच्या पुठ्ठ्याला पक्के करा. गोंद फक्त कोपऱ्याच्या कागदाला आणि पुठ्ठ्याला, अंकाच्या पिशवीला नाही. मग पुठ्ठा उभा धरून हलवा. आवाज आला नाही पाहिजे, सरकलं नाही पाहिजे.

कागदकाम | १० जुलै, रात्री ९:३०

सरकण्याचं दुसरं कारण पिशव्या. गुळगुळीत पिशवीवर गुळगुळीत पिशवी घसरतेच. दर दोन अंकांमधे साध्या झेरॉक्स कागदाचा एक ताव ठेवला तरी पकड येते.

आवळायच्या भरात फार घट्टही बांधू नका. चाळीस वर्षांच्या कागदाला वळ पडतो. दोन्ही बाजूंनी हातानं दाबून सपाट बसेल इतपत.

बाहेर खाकीऐवजी तान्हापोळा ताईंचा फ्लेक्स वापरा. आत पॉलिथिन आहेच.

तान्हापोळा | ११ जुलै, सकाळी ७:४५

फार आनंद झाला. शिवण्याआधी पार्सलवर पत्ता लिहून घ्या, शिवल्यावर फुगीर जागी अक्षर नीट येत नाही.

अडाणकाठ | १४ जुलै, दुपारी ३:२०

दोन पार्सलं केली, दहा-दहा अंकांची, त्यातही पाच-पाचचे दोन गठ्ठे आणि मधे एक पुठ्ठा. वीसही एकत्र पाठवायचा धीर झाला नाही. एक आज दिलं, दुसरं पहिलं पोचल्यावर देईन. कागदी कोपरे केले. पुठ्ठा उभा धरून हलवला, आवाज नाही. फ्लेक्स शिवताना आई शेजारी बसली होती. आतल्या पट्टीचं टोक दुमडून त्यावर मार्करनं ‘इथून ओढा’ लिहिलं. फोटो काढताना प्रत्येक अंकातली बाबांची पेन्सिलीची तारीखही काढून ठेवली. साताऱ्याच्या काकांना विचारलं होतं, ती खोडून देऊ का. ते म्हणाले, हात लावू नका, ती अंकाचाच भाग आहे.

डाकपिशवी | १४ जुलै, संध्याकाळी ६:००

पावती जपून ठेव. तिच्यावरचा क्रमांक टाकला की मोबाइलवर मुक्काम दिसतो. एखादा दिवस एकाच ठिकाणी थांबलेलं दिसलं तर घाबरू नको, या दिवसांत नाल्याला पूर आला की गाड्या अडतात.

अडाणकाठ | १९ जुलै, रात्री १०:१०

पोचलं! दहाच्या दहा अंक कोरडे, सपाट. एकाही कोपऱ्याला काही नाही. साताऱ्याच्या काकांनी उघडताना व्हिडिओ कॉल केला. दुमडलेली पट्टी ओढली, पुठ्ठे वेगळे झाले आणि पहिलाच बहादूरचा अंक वर होता. दुसरं पार्सल उद्या देते.

सातपुडा_अकोट | १९ जुलै, रात्री १०:२५

ताई, लय बरं वाटलं. माह्याकडं दोन खोक्यांचा पुठ्ठा कापून ठेवला हाये, कोणाले लागला तर सांगजा.

अडाणकाठ | ३ ऑगस्ट, दुपारी १२:४०

दुसरं पार्सलही सुखरूप गेलं होतं, कळवायचं राहून गेलं. आज सकाळी डाक सेवक भाऊ साताऱ्याहून आलेलं पार्सल घेऊन आले. पंधरा चांदोबा, सगळे कोरडे. काकांनी माझेच पुठ्ठे परत वापरले आहेत. कागदी कोपरे तेच, आणि दुमडलेल्या पट्टीवर माझ्याच अक्षरात ‘इथून ओढा’.

आई ओसरीवर बसून पहिला अंक वाचते आहे.